साडेबारा ते साडेतीन

सोहारला उन्हाळ्यात दुपारी काम बंद.
कायदाच आहे तसा, साडेबारा ते साडेतीन.
पाइपरॅकच्या सावलीत पुठ्ठे टाकून आम्ही पाच जण पडतो
आणि जिच्या नुसत्या बियांपायी इथं माणूस आत जातो
तिच्याबद्दल बोलतो.
हळू. हिंदीत. नाव न घेता.
"ती" म्हणायचं, बस्स. ऐकणाऱ्याला वाटावं,
बायकांचं चाललंय.

शिबू इडुक्कीचा. त्याची ती वेलचीच्या मळ्यामागची,
उंच, निळसर. डोकं लख्ख होतं, म्हणतो,
एका रात्रीत सबंध छप्पर शाकारलं मी,
सकाळी पाहिलं तर शेजाऱ्याचं.

गुलरेझ तिराहचा. त्याला हिरवी चालत नाही.
काळी हवी, बोटांत मळून मेणासारखी झालेली,
बाहेर बर्फ, आत म्हातारे, मध्ये शेगडी.
दोन झुरक्यांत गुडघे आपले राहत नाहीत, म्हणतो,
आणि गुडघे नसणं किती चांगलं
हे परांची चढणाऱ्यालाच कळतं.

दुर्योधन मलकानगिरीचा, त्याला कुठलीही.
"भूक लागते ना? मग झालं."
आमच्या घरी भूक लागायला काही ओढावं लागत नव्हतं,
असं तोच म्हणाला, तोच हसला.

मी शिरपूरकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा.
आमच्याकडे तुरीच्या ओळींत लपवायचे,
तूर फुलली की हिचा वास दबतो म्हणत.
नाही दबत.
चिलीम मी ओढून पाहिली, देवळामागे, बुवांच्या ओल्या साफीतून.
नरडं सोललं, हसू फुटलं, मग उगाच भीती,
की हे हसू आता थांबणारच नाही
आणि कुणीतरी जाऊन आईला सांगेल.
नको ती.
मला विचाराल तर पाट्यावर घोटलेली.
शिवरात्रीची, बडीशेप, मिरी, खसखस, दूध.
लोटाभर प्यावी, काही होत नाही म्हणावं,
विसरून जावं, जेवायला बसावं,
आणि भाताकडे निघालेला हात
लांबत लांबत ताटापर्यंत पोचू नये.
पोटातून चढते ती, मागच्या दारानं,
घरातल्याच माणसासारखी.
त्या वर्षीची एक आरती मी दोन दिवस ऐकत होतो.

वेळ लांबायचा, तेच आवडायचं मला.

इथं वेळ लांबायला काही लागत नाही.
साडेचार ते सहा बघा. कराराचा शेवटचा महिना बघा.
मुलगी "थांब हं पप्पा" म्हणून आत जाते
आणि फोनच्या पडद्यावर नुसता छताचा पंखा फिरत राहतो.
आता कुणी आवड विचारली तर म्हणेन, उलटी जात द्या,
एक झुरका आणि थेट फेब्रुवारी.
तसली कुठं उगवत नाही. शिबूलाही माहीत नाही.

टेकबहादूर रोल्पाचा, तो बोलत नाही.
आज बोलला. त्यानं कधी ओढलीच नाही म्हणे.
लहानपणापासून मळायचा फक्त, उभ्या झाडाला तळहात लावून,
दिवसभर. संध्याकाळी हातावरचं काळं खरवडून व्यापाऱ्याला.
"वास धुतला तरी जायचा नाही. झोपेत उशाशी असायचा."
त्यानं दोन्ही तळवे नाकाशी नेले.
ग्रीस, रबर, गंज.
तरी बराच वेळ तसेच ठेवले.

मग कुणी काही बोललं नाही.
चार नंबरची खाट सगळ्यांना आठवली असणार.
बडीशेपेच्या पुडीत चिमूटभर घेऊन आला होता पोरगा,
कुणासाठी तरी, स्वतःसाठीसुद्धा नाही.
त्याचे सेफ्टी बूट अजून खाटेखाली आहेत, कोरे, आठ नंबर.
आठ मला होतो.
मी घेतलेले नाहीत.

गुलरेझनं थर्मासमधला चहा एकाच पेल्यात ओतला.
स्टील तापलेलं, म्हणून रुमाल ओला करून गुंडाळला,
दोन्ही मुठींत धरला, डोळे मिटले,
एक घोट, आणि उजवीकडे.
शिबू. दुर्योधन.
टेकबहादूरनंही तसाच धरला, मुठीवर मूठ,
आणि कपाळाला लावून
माझ्याकडे वळवतोय
तेवढ्यात शिट्टी झाली.