टोपलीचं वजन वजा

हर्णैला बर्फाच्या कारखान्यामागे माझा काटा आहे,
दोनशे किलोचा, लोखंडी,
खाऱ्या हवेनं पायाशी पापुद्रे सुटलेला.
एकवीस वर्षं मी त्यावर सुरमई ठेवतो, पापलेट, कोळंबी,
आणि ओरडतो :
अठ्ठावीस, टोपली वजा, साडेसव्वीस!
कुणाचा ग्रॅम मारला नाही.
हे होडेकरही मान्य करतो,
जो एरवी काहीच मान्य करत नाही.

परवा लिलाव उठला, बायका पाट्या धुऊन गेल्या,
मांजरांखेरीज कुणी नाही असं बघून
मी चपला काढल्या आणि स्वतःच चढलो.
अठ्ठ्याहत्तर.
गणपतीत त्र्याहत्तर होतो.
खिशातल्या चाव्या काढल्या, मोबाइल काढला.
अठ्ठ्याहत्तरच.

बिडी सोडून बावन्न दिवस झाले.
छातीसाठी सोडली नाही, खोटं कशाला बोलू.
खोकल्याची उबळ आली, डोळ्यांत पाणी,
आणि साडेनऊचं मी साडेसात वाचलं.
वेणूबाईनं हटकलं म्हणून,
नाहीतर तिची दोन किलो कोळंबी
माझ्या धुरात गेली असती.
त्या रात्री बंडल खाडीत फेकलं.

पण धूर गेला की त्याची जागा उरते,
आणि ती मागायला लागते.
लिलाव चारचा, पहिली बिडी पावणेचारची.
आता पावणेचारला हात कानामागे जातो,
तिथे काही नसतं,
मग शेंगदाणे. मग फुटाणे.
मग होडेकरच्या डब्यातलं सांदण.
तो म्हणतो, ‘तुझी बिडी बरी होती रे,
माझा डबा तरी शाबूत राहायचा.’

त्यात जीभ परत आलीय, इतक्या वर्षांनी.
कलावतीच्या बांगड्याच्या तिखल्यात
तिरफळं असतात हे मला आत्ता कळलं.
आधी नुसता तांबडा रस्सा होता.
आता दोन भाकऱ्यांवर तिसरी,
आणि ती वाढते, वाढताना हसते,
मी नाही म्हणू कसा?

दापोलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
‘चार-पाच किलोंना घाबरून पुन्हा ओढू नका.
आधी धूर बाहेर राहू दे.
भूक लागली की घड्याळ लावा, दहा मिनिटं.
तलफ असेल तर उठून जाईल,
भूक असेल तर बसून राहील.’

त्या दहा मिनिटांत मी जेट्टीच्या टोकापर्यंत जातो.
समोर किल्ला, पाण्यात बसलेला, त्याला कसली घाई नाही.
शर्टाच्या खिशात बंडलाच्या जागी काकडीच्या फोडी,
रुमाल ओला, पोरं हसतात.
बहुतेकदा उठून जाते.
रविवारी नाही गेली,
एका बैठकीत अख्खा पुडा खारीचा संपवला.
काटेवाल्यानं हेही सांगायला हवं.

काल कलावतीनं पँटचं बटण सरकवलं.
‘किती?’ मी विचारलं.
‘दोन बोटं,’ दोरा दातानं तोडत ती म्हणाली.
मी माझी दोन बोटं बघितली, तीच,
अजून पिवळी.
पण नखांच्या मुळाशी
कोळंबीच्या सालीएवढा पातळ,
गुलाबी काहीतरी वर सरकतंय.

आज भरदिवसा चढलो काट्यावर.
सत्त्याहत्तर आणि वर थोडं.
सुई थरथरत होती, वाऱ्यानं की माझ्यानं.
ह्यात मासळी किती आणि टोपली किती,
मला अजून वजा करता येत नाही.
मागे कुणीतरी खाकरलं.
वेणूबाई, डोक्यावर पाटी, पाणी गळतंय :
‘उतर आता, माझा बर्फ पाघळतोय.
आणि आकडा मोठ्यानं वाच.’