तिसऱ्या खिडकीची काच

किल्ली माझ्याकडे असते, म्हणून मलाही धरलं.
"नेरिस, तू फक्त दाराशी उभी राहा, आकडा वाच."
हातात मीटर दिलं, साबणाच्या वडीएवढं,
आणि लिहायला पान
अंत्यविधींच्या नोंदवहीचं, अगदी शेवटचं.

बेथेल चॅपल, एब्बू व्हेल. नोव्हेंबर.
हीटर बंद, कारण हीटर गुणगुणतो
आणि गेथिनला ते चालत नाही.

वडीलधाऱ्यांच्या बाकासमोर दोन पेट्या.
एक तपकिरी, जुन्या सूटकेसचं असतं तसल्या कापडाची,
पंधरा वॉटची, एम्लिनने स्वतः जोडलेली,
तो जन्मला त्या वर्षीच्या अमेरिकन आराखड्यावरून.
दुसरी काळी, तीस वॉटची, गेथिनची.
ती चार पायऱ्या चढवताना दोघांनी तीनदा देवाचं नाव घेतलं,
आणि ते काही प्रार्थनेसाठी नव्हतं.

व्हॉल्व्ह आधी तापू द्यायचे म्हणे.
बटाटे उकडायला ठेवल्यासारखी आम्ही वाट पाहिली.
मागून डोकावले तर काचेच्या कुप्यांत केशरी तारा,
आणि जळक्या धुळीचा वास.

गेथिनने पाचवी तार मोकळी छेडली.
तपकिरी: अठ्ठ्याण्णव.
काळी: एकशे एक.
"एवढंच?" मी म्हटलं. "दुप्पट वॉट, दुप्पट पैसे,
दुप्पट पाठदुखी, आणि वर तीनच?"
"कान असाच हिशेब करतो," गेथिन म्हणाला,
जणू कान हा त्याचा कंजूष मामा.

मग सुराचं. सुराला माझ्या पानावर रकाना नव्हता.
गेथिन म्हणे, काळीचा सूर कडेकडेने चमकतो.
एम्लिन म्हणे, तपकिरी दम खाते,
जोरात छेडलं की क्षणभर खाली बसते,
मग उठून बोलते.
मला विचाराल तर काळी चिरलेली काकडी,
तपकिरी भाजलेला कांदा.
दोघे हसले.
नंतर दिवसभर माझेच शब्द वापरत होते.

एम्लिनला पोलादाच्या कारखान्याने एकतीस वर्षं पगार दिला
आणि कानातून वरची पट्टी कापून घेतली:
चिमण्या, किटलीची शिटी, नातीच्या बोलण्यातला स.
काळीची चमक त्याच्यापर्यंत पोचतच नाही.
हे तिघांनाही ठाऊक.
मी उगाच मीटरची बॅटरी तपासली.

त्याने पंजा बाकाच्या पाठीवर टेकवला,
शंभर वर्षांच्या कोपरांनी गुळगुळीत केलेल्या पाइनवर,
आजारी घोड्याच्या मानेवर टेकवावा तसा.
"पुन्हा वाजव. आता चारवर. आता सहावर."

सहावर तपकिरी घोगरी झाली
आणि तिसऱ्या खिडकीची खालची काच बोलू लागली.
काळीला मात्र गप्प. एकशे चारलाही गप्प!
गेथिनने पेटी पुढे ओढली, मागे ढकलली,
स्टुलावर चढून खिडकीवर कान लावला.
"त्या काचेची लांबी सुटलीय," मी सांगितलं,
"मागच्या ईस्टरपासून."
"उथळ पाणी," तो काचेला म्हणाला, खरोखरच चिडून.

एम्लिनला काच ऐकू येत नव्हती.
तो गेला, तिच्यावर एक बोट ठेवून उभा राहिला,
वाजणं थांबलं तरी उभाच.
"हिला कळतं," म्हणाला.

निकाल असा लागला नाहीच.
पाचला अंधारलं, कुप्या विझल्या,
निवणारी काच टिकटिक करत होती.
गेथिन वायर गुंडाळत होता, कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा.

"बंद केल्यात ना?" एम्लिनने विचारलं.
"केव्हाच्या."
"दोन्ही?"
"दोन्ही."
"मग हे गुणगुणतंय काय?"

गेथिनचा हात थांबला. हीटर बंद. दिवा बंद.
मी मीटर वर धरलं,
मग त्याच्या चष्म्यापुढे नेलं:
चौतीस.

त्याने बराच वेळ आकडा पाहिला.
"लिही मग," म्हणाला.
तिसऱ्या ओळीत लिहिला. कशाचा, ते लिहिलं नाही.