शेरा

काल जांबोटीकडून काळं आलं.
परवा सांबऱ्याकडून.
आज दोन्हीकडून आलं, आणि आमच्या डोक्यावर येऊन
ठरेना, आधी कुणी गरजायचं.

पर्जन्यमापक शाळेच्या मागं, तारेच्या कुंपणात.
भोवतीची मेंदी शेळ्यांनी कधीच संपवली.
सतरा वर्षं मी त्याचा राखणदार.
सकाळी साडेआठला मोजायचं,
आकडा बेळगावला कन्नडात कळवायचा,
घरच्या वहीत मराठीत ठेवायचा.
उन्हाळाभर सोन्ने म्हणा, शून्य म्हणा,
आत एक कोरडा मुंगळा.

ट्रेनिंगला आलेल्या साहेबानं एकदा
नकाशावर पेन्सिलीनं रेघ ओढली,
विदर्भातून निघून खाली केरळापर्यंत.
तापलेला वारा आणि समुद्राकडचा ओला वारा
भिडतात ती जागा.
"ही रोज सरकते," म्हणाला,
"दुपारी इथं, दिवेलागणीला तिथं."
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
"दगड कुठं पुरलाय तिचा?"
सगळे हसले. साहेब दिल्लीकडचा, नवा.
त्यानं खोडरबर घेतलं आणि रेघ पुसली.

धाकटा लुमाणा पलटणीत.
चैत्रात बाडमेरहून फोन: तंबू उडाला, भाकरीत वाळू.
पुढच्या चैत्रात जोरहाटहून: रात्रभर विजा, पत्रा फाटला.
मी विचारतो, किती मिलिमीटर?
"दादा, मी इथं बंदूक सांभाळूलालोय."
तरी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो,
तारीख, गाव, धूळ की पाणी.
आकड्याची जागा मोकळी.

चारच्या सुमारास आभाळ तंबाखूच्या रंगाचं झालं.
निलगिरीतले कावळे गप्प.
ओढ्याकाठच्या वीटभट्टीवर मल्लव्वा ओरडली,
"अड्डमळी बंतू!"
भरमा ओरडला, "वळीव आला!"
आणि दोघं एकाच ताडपत्रीची दोन टोकं धरून धावली.
ताडपत्री वाऱ्यानं घेतली,
चिंचेवर नेऊन टाकली.

मग गारा.
नरसाळं तोंडापर्यंत भरलं.
पोरं खायला मागायला लागली, मी हाकललं,
ही सरकारी आहेत म्हणालो.
कोमट पाणी मोजून ओतलं,
वितळल्यावर तेवढंच वजा करायचं, विसरायचं नाही,
म्हणून मनगटावर बॉलपेननं लिहिलं.

सकाळी साडेआठ. एकवीस पूर्णांक चार.
मल्लव्वा कुंपणापाशी उभी,
कोपरापर्यंत लाल.
नऊ हजार कच्च्या विटा रातोरात परत माती,
साच्यातली श्री सुद्धा गेली.
"एष्टु?" तिनं विचारलं.
मी मोजपात्र वर धरून दाखवलं.
उन्हात तिनं ते बराच वेळ पाहिलं,
एवढंसं, नितळ,
तळाशी एक पिसाचा तुकडा.
काही बोलली नाही. हात पुढं केले.
मोजून झालेलं पाणी कुंपणाबाहेर ओतायचं, असा नियम.
मी ते तिच्या हातांवर ओतलं.

तक्त्यात शेवटचा रकाना शेरा.
कन्नडातही तोच शब्द, षरा,
बोटभर रुंद.
गारा लिहिलं, खोडलं, आलीकल्लु लिहिलं.
पुढं नऊ हजार लिहायला गेलो
तर ते उद्याच्या तारखेत शिरूलालं.

लुमाणाचा फोन. "तिकडं काय?"
गेलं, म्हटलं. थांब, ऐक.
फोन खिडकीबाहेर धरला.
बैलहोंगलाच्या अंगाला
अजून गडगडूलालं होतं.