तिसरी पायरी

घरात जुईली थांबत नाही.
मांजरीशी भांडते, गिरणीवाल्याची नक्कल करते,
भाकरी फुगली की तिचं बारसं करते.
काल एका भाकरीचं नाव होतं सुलोचनाबाई.

दप्तर घेऊन निघाली तरी बोलतच असते.
पाखाडीच्या वरून तिसऱ्या पायरीवर,
जिथे चिरा फुटून गवत आलंय,
वाक्य असेल तिथे तुटतं.
उरलेला अर्धा शब्द तोंडात धरून
ती शाळेत जाते.

मी हर्णैच्या बंदरावर लिलाव पुकारते. चौदा वर्षं.
एकवीसशे, एकवीसशे, बावीस कोण म्हणतो—
वारा पडलेला असला तर
नांगरलेल्या होड्यांवरची पोरं वळून बघतात.
बायका म्हणाल्या, आईनंच सगळा आवाज वापरला,
पोरीला काय उरणार?
मीही हसले, पहिल्यांदा.
दुसऱ्यांदा एका गिऱ्हाइकाला उगाच झापलं.

शंखातलं पाणी पाजून झालं.
जिभेवर वेखंड उगाळून झालं.
नणंद म्हणाली, दोन ठेवून दे, बोलेल.
मी ठेवली, एक.
हे सांगायचं नव्हतं.
दुकानात, बिस्किटाच्या पुड्यासाठी,
"तू माग, तरच मिळेल," म्हणाले.
मागे चार माणसं उभी. तिचे खांदे कानांपर्यंत गेलेले.
पुडा शेवटी मीच घेतला.
तिनं तो आठवडाभर फोडला नाही.

मग देवळात गाऱ्हाणं घातलं.
गुरव म्हणाला, ह्या लेकराच्या तोंडाक वाचा दे रे महाराजा,
सगळे म्हणाले, व्हय महाराजा,
जुईली खांबावरचे मुंगळे मोजत होती.
कौल लावला. आम्ही सगळे श्वास धरून बसलो
आणि देवानं उजवी कळी खाली टाकली.
एक शब्द नाही.
त्याला कुणी विचारलं नाही,
घरी बोलतोस ना, मग इथेच काय झालं?

दापोलीच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या,
हट्ट नाही हा. भीती आहे.
तिला 'बोल' म्हणू नका.
बंदी लागलेली, होड्या वर ओढलेल्या,
मला काम नव्हतं.
तो एक शब्द घरातून काढायला
मला ते दोन महिने पुरले नाहीत.
पाहुणे आले की तो त्यांच्याबरोबर परत यायचा,
चपला काढायच्या आधीच.

बंदी उठली. पुन्हा पुकारा.
आणि एका दुपारी सुरमईच्या ढिगाशी
माझ्या लक्षात आलं,
इथे ओरडते ती मी एकटीच.
रज्जाकमामूची भुवई म्हणजे शंभर.
गुहागरचा पोरगा टोपी मागे सारतो म्हणजे पन्नास.
चोगल्यांची म्हातारी नुसती बर्फाकडे बघते,
म्हणजे घेतला, तोल.
चौदा वर्षांत एकालाही मी म्हटलं नाही,
तोंडानं सांग.

ते मी शाळेतल्या नव्या बाईंना सांगितलं,
जरा लाजतच, हाताला मासळीचा वास.
त्या हसल्या नाहीत.
हजेरीला जुईली आता करंगळी उचलते.
वर्षभराच्या गैरहजेऱ्या
कुणी खोडत नाही, पण पुढच्या होत नाहीत.

परवा येताना, पाखाडीच्या तळाला, विहिरीपाशी,
अख्खी चढण बाकी,
पावशांची सून पाणी काढत होती.
मागून आवाज आला:
"आई, म्हाकुलाला हाडं नसतात,
मग ते उभं कसं राहतं?"

रहाट थांबला.
मी थांबले नाही. वळले नाही.
"उभं कुठे राहतं, पोहतं ते," म्हटलं,
घरातल्या आवाजात,
आणि डोक्यावरची रिकामी टोपली
दोन्ही हातांनी धरली.

आज पुन्हा तिसरीच पायरी.