माहीत नाही

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
मी टॉवेल तपासते.
ट्यूबलाइटखाली पसरायचा, हात फिरवायचा,
तुटलेला धागा, तेलाचा डाग, सुटलेली कड
दिसली की खडूची खूण.
मालक म्हणतात, येमूलबाईंच्या नजरेतून
सुई सुटत नाही.
मागच्या दिवाळीला एक चादर जास्त मिळाली
ती ह्याच नजरेची.

ही नजर घरी आणली की तिला आजार म्हणतात,
हे मला सात रस्त्याच्या दवाखान्यात कळलं,
एक्केचाळिसाव्या वर्षी.

त्याआधी मी
गॅसचं बटण बघायचे. बंद.
कुलूप ओढायचे. बंद.
विडी घरकुलातल्या आमच्या दारापासून रिक्षाथांबा
एकशे साठ पावलं.
शंभराव्या पावलाला डोक्यात घर पेटायचं,
त्या आगीत लावण्या झोपलेली असायची,
खरी लावण्या शाळेत बाराखडी म्हणत असली तरी.
परत. बटण. बंद.
बंद आहे हे डोळ्यांना पटायचं,
मला नाही.

मग राजेशमला फोन, मागावर.
खटखटाटात तो ओरडायचा,
"बंद आहे गं, बंद आहे!"
अख्ख्या शेडला माझा गॅस ठाऊक झाला.
अकरा वर्षं त्या माणसानं
दिवसाला तीस-तीस वेळा मला "बंद आहे" दिलं
आणि मी ते सुपारीसारखं दाढेखाली धरलं,
रस संपला की पुन्हा हात पुढे.

तांबोळी मॅडम म्हणाल्या, एकदाच बघायचं.
मग निघायचं. भीती वाटेल, तिला वाटू द्यायचं.
मी म्हटलं, ह्याचे पैसे घेता?
त्या हसल्या. वहीत शून्य ते शंभर पट्टी आखून दिली.
दर दहा मिनिटांनी आकडा लिहा.
भीतीशी भांडू नका, फक्त लिहा.
मग राजेशमकडे वळल्या:
तुम्ही यापुढे सांगायचं नाही.
विचारलं तर म्हणायचं, माहीत नाही.

पहिला दिवस.
अंगणवाडीच्या भिंतीला टेकून उभी राहिले.
पंचाण्णव.
पंचाण्णव.
कुणी विचारलं, अक्का, आज पाणी येणार का?
म्हटलं, नाही, परवा.
पंचाण्णवात असतानाही
पाण्याचा दिवस सांगता येतो, हे नवीन होतं.
तरी फोन लावलाच.
"गॅस बंद आहे का?"
पलीकडे माग.
बराच वेळ नुसते माग.
मग हळू, चोरी पकडल्यासारखं,
"माहीत नाही."

मंगळसूत्र दिलं, लेक दिली, कर्जावर फ्रिज दिला,
पण एवढं जड
त्यानं मला काही दिलं नव्हतं.
त्याचा आवाज माझ्याहून जास्त हलत होता.
मीच म्हटलं, बरं, ठेवते.

सोलापूरचं ऊन कुणी फुंकर घालून उतरवत नाही.
चारला पत्र्याला हात लावू शकत नाही,
नऊला त्याच पत्र्याखाली पोरं झोपतात.
मधे कोण काय करतं?
काही नाही.
कुणी भाकरी थापतं. कुणी विड्या मोजतं.

सत्तर.
सत्तर.
पंचेचाळीस झाले तेव्हा मी कारखान्याच्या गेटात होते,
अर्धा तास उशिरा,
घर जळालं की नाही हे न कळता.
कार्ड पंच केलं.

पुरती बरी झालेय असं नाही.
काल दोनदा परत गेले,
मॅडमना एकदाच सांगितलं.

आज रिजेक्टमधला एक टॉवेल घरी आणलाय.
कडेला धागा सुटलाय, बोटभर.
कात्री शिलाई मशीनवर, हाताच्या अंतरावर.
लावण्या त्यानंच तोंड पुसते,
धागा तिच्या हनुवटीला चिकटतो.
"अम्मा, अशी काय बघतेस?"
काही नाही, म्हणते,
आणि वहीत लिहिते, तीस.