पाठची

खरा फोटो नंतर.
आधी हा, उजेड जोखण्यापुरता.

रोलची पाठ उतरवायची
(त्याआधी पोलादी पात आत सरकवून, नाहीतर रोल गेला)
आणि कॅमेऱ्याला लावायची ही दुसरी पाठ,
जाड, अवजड, शिवणाच्या डब्यासारखी.
हिच्या पोटात दहा ताव होते.
दोन उरलेत.
बनवणाऱ्यांनी बनवणं कधीच सोडलं;
पाकिटावरची तारीख मी अंगठ्याखाली धरते,
कुणी बघत नसलं तरी.

वाद्सोला फेब्रुवारीत उजेड
उसना आणल्यासारखा येतो, दीड वाजता परत मागतात.
नगरपालिकेला भिंतीसाठी जुनी माणसं हवी होती.
म्हणून नावांच्या खोपीत, बाकावर,
या टोकाला आस्लाउग, वय एक्याऐंशी,
त्या टोकाला तिच्या पाठची, वालबॉर्ग.
मधे एखादी तिसरी बहीण मावली असती.
खोपीचा अर्धा हिस्सा कुणी कुणाला न विचारता विकला
हे गावाला माहीत आहे, मलाही,
आणि अकरा वर्षं
दुकानात एकीला बघून दुसरी साखरेविना परतते, हेही.

खटका दाबला. दाबला गेलाच नाही.
पात काढायची राहिली होती.
भलं यंत्र आहे: आडपडदा असला
की मुकाट अडून बसतं.
"मोडलं?" आस्लाउगनं विचारलं.
नाही, म्हटलं. पात काढली. आता दाबला गेला.

मग पांढरी पट्टी. मग पिवळी,
एका ओढीत, सरळ; मधे थबकलात
तर थबकल्याची रेघ कायमची उमटते.
हातात आले दोन कागद, एकमेकांना चिकटलेले,
आत काहीतरी घडत असलेले.
पण खोपीत उणे चार. असल्या गारठ्यात
ते रसायन जागं होत नाही.
ऊब लागते त्याला. माणसाची चालते.
माझे हात कॅमेऱ्यात गुंतलेले.
वालबॉर्गनं स्वेटर वर केला
आणि ताव काखेत घेतला,
खुडूक कोंबडीच्या गंभीरपणानं.
"मोजा," मी म्हटलं. "दीडशेपर्यंत."

ती मोजू लागली:
इक्सी, काक्सी, कोल्मे,
आईच्या क्वेन बोलीत,
जी शाळेत तोंडातून निसटली
की तळहातावर छडी बसायची.
चाळिशीत ती अडखळली.
त्रेपन्नला आकडा सापडेना.
बाकाच्या दुसऱ्या टोकावरून, भिंतीकडे बघत,
आस्लाउगनं पुढचा आकडा दिला.
मग त्याच्या पुढचा.
शंभरनंतर कोण मोजतंय ते मला कळलं नाही.

कोपरा धरून मी साल सोडवली,
जखमेवरची पट्टी सोडवतात तशी.
एका कागदावर चौकोनात दोन म्हाताऱ्या,
करड्या, रेखीव, भोवती काळं रिकामं;
या पाठीचा कागद मोठा आणि कॅमेऱ्याचं जग चौकोनी,
म्हणून एवढं उरतं.
उजेड ठीक. अर्धा स्टॉप वाढवायला हवा.
दुसरा कागद मी फेकते, नेहमीच.
वालबॉर्गनं माझं मनगट धरलं.

त्या ओल्या सालपटावर
पांढरे केस काळेभोर झाले होते.
जागा बदलल्या होत्या:
थोरली तिथं, धाकटी इथं,
आणि दोघींमधला अंधार
लख्ख पांढरा.
"ह्या आपण," वालबॉर्ग म्हणाली. "सत्तावन्न सालातल्या."
माझ्याशी बोलत नव्हती ती.

फोटो आस्लाउगनं घेतला, साल वालबॉर्गनं.
साल बोटांना चावते, मी बजावलं, लगेच पुसा.
आस्लाउगनं रुमाल काढला, कोपऱ्याला थुंकी लावली
आणि पाठचीची बोटं पुसली,
एकेक, खसाखसा,
रागच म्हणावा असं.

मग मी पाठ बदलली, बारा फोटो काढले.
ते भिंतीवर लागलेत. चांगले आलेत.
बाकावरचं अंतर त्यांत
आहे तेवढंच आहे, मी पट्टीनं मोजलं.

उरलेला ताव फ्रिजमध्ये आहे, लोण्याच्या शेजारी.