पाचवी कडी

उद्यमबागेत माझ्या शेडसमोर
सुभेदार लुमाण्णा किणयेकरांनी बोलेरो उभी केली.
मागं चाकांवरचं घर: पत्र्याचं, पिस्ता रंगाचं,
खिडकीला बायकोनं शिवलेला पडदा.
"सगळ्यात जाड बारवाला हिच लाव," म्हणाले.
"पैशाकडं बघू नको."

मी पैशाकडं बघतच नव्हतो.
बोलेरोचं बूड बसलं होतं,
आणि पुढची चाकं रस्त्याला नुसती शिवत होती,
परक्याच्या घरी खुर्चीच्या टोकावर बसल्यागत.
"रात्री दिवे कुठं पडतात?" विचारलं.
शेवंताकाकू आतनं हसल्या.
"चिंचेच्या शेंड्यावर. काल मच्छ्याजवळ
घुबडाला जागं केलं यांनी."

माझा आजा बैलगाडीची धुरी उचलून सांगायचा,
उलाळ आहे की धुरजड.
माझ्याकडं भंगारवाल्याचा काटा आहे.
दांडी त्याच्यावर टेकवली.
"थांबा. पाणी भरलंय? सिलिंडर? भांडी?"
रिकाम्या गाडीचं वजन घेऊन हिच निवडणं म्हणजे
उपाशी माणसाच्या कमरेचं माप घेऊन
लग्नाचा कोट शिवणं.

भरून आले. अकराशे किलोचं घर,
त्यातले एकशे नव्वद एकट्या दांडीवर.
"हे कुठनं आलं?"
सुभेदारांनी आकाशाकडं बघितलं.
काकूंनी पुढच्या बाकाखालनं काढलं
ओतीव लोखंडाचं शिलाई मशीन, पायट्यासकट.
"हे राहणार नाही घरी," म्हणाल्या.
"बत्तीस वर्षं हे बॉर्डरवर, मी ह्याच्यावर."

राहू नका म्हणणारा मी कोण?
फक्त जागा बदलली: आसाच्या जरा पुढं, तळाशी, बोल्टनं आवळून.
फार मागं टाकलं असतं तर
चोर्ल्याच्या उतारावर घर शेपूट हलवत सुटलं असतं.
काटा एकशे चाळीसवर आला.

मग बार. सुभेदारांचा हात जाड जोडीवरच.
"साहेब, हा वाकत नाही.
वाकत नाही म्हणून प्रत्येक खड्डा
जसाच्या तसा चासीला सांगतो.
ह्याला तुमच्या दुप्पट भार पायजे.
मधला घ्या. तो थोडा ऐकून घेतो."
"पलटणीत असं कोण बोललं असतं तर..." म्हणाले,
आणि वाक्य तिथंच सोडलं.

बसलिंग पुढं बसला, टेप लावून.
नुसती बोलेरो: मडगार्ड जमिनीपासनं एक्याऐंशी.
घर जोडलं: शहाऐंशी.
जॅकनं नाक उचललं, बार चढवले, साखळी ओढली.
तिसरी कडी. चौऱ्याऐंशी.
"इन्नोंद कोंडी," बसलिंग ओरडला.
कडीला तो कोंडी म्हणतो.
माझ्या भाषेत कोंडी म्हणजे अडकणं,
त्याच्या भाषेत जोडणं;
अकरा वर्षं एकाच वेल्डिंगच्या चष्म्यानं बघतोय आम्ही,
अजून ह्यावर भांडण मिटलं नाही.
चौथी. त्र्याऐंशी.
पाचवी. साडेएक्याऐंशी.
"साकु," तो म्हणाला, आणि ते मलाही पुरलं.

"एक लक्षात ठेवा," मी सुभेदारांना सांगितलं,
"सोडताना आधी जॅक, मग बार.
ताणलेलं लोखंड हनुवटी ओळखत नाही."
त्यांनी खिशातल्या वहीत लिहून घेतलं, मराठीत,
खाली तारीख घातली.

अंधार पडल्यावर खानापूर रस्त्याला काढली.
काकू मागच्या सीटवर, मी पुढं, दारात पाय अडकवून.
स्पीडब्रेकरवर घर एकदा वाकलं,
पुन्हा बोलेरोच्या पाठीशी सरळ झालं.
दिवे पडले ते डांबरावर,
पांढऱ्या पट्ट्यावर,
आणि पट्ट्यावर झोपलेल्या एका तांबड्या कुत्र्यावर,
जे उठलं, सावकाश, नाखुषीनं,
आणि बाजूला झालं.

"हे काल दिसलं नसतं," काकू म्हणाल्या.
सुभेदार काही बोलले नाहीत.
गिअर एक खाली घेतला.